हाक कुणाची?

मे २०२५ मध्ये मी तीन आठवडे पुण्यात होते. सकाळी काकांबरोबर वेताळ टेकडी चढायची, उतरल्यावर त्यांच्या कंपूबरोबर टपरीवर चहा घ्यायचा आणि मग घरी, असा आमचा क्रम ठरलेला. त्या दिवसांत टपरीवर विषय एकच होता. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फळव्यापाऱ्यांनी तुर्कस्तानची सफरचंदं घ्यायची बंद केली होती. भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला, तुर्की बनावटीचे ड्रोन आपल्यावर सोडले गेले, मग त्यांचा माल आपण का खपवायचा, असा सरळ सवाल होता. त्यावर कंपूत सगळ्यांचं एकमत होतं. माझंही.

मग गप्पा पुढे गेल्या. कुणीतरी म्हणालं, नुसता तुर्कस्तानच का, जिथे जिथे हुकूमशाही आहे त्या सगळ्यांशी व्यापार तोडा. त्यावर दुसरे एक गृहस्थ उसळले, "मग रशियाचं तेल? चीनचे मोबाइल? आखातातलं पेट्रोल? उद्यापासून चालत जाणार आहात का?" काका म्हणाले, "मानवी हक्क हे गोऱ्यांचं हत्यार आहे. ज्याला बडवायचं असतं त्याच्याच देशात त्यांना हक्क दिसतात. आणि निर्बंधांनी होतं काय? आमच्यावर घातले होते ना? काय बिघडलं आमचं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या मँचेस्टरात काय म्हणतात गं?"

तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलले. परत आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना.

मला मँचेस्टरमध्ये सोळा वर्षं झाली. एका कपड्यांच्या कंपनीत खरेदी विभागात आहे. शर्ट कुठे शिवला, सूत कुठल्या गिरणीचं, कापूस कुठल्या मातीतला, याचे कागद तपासणं हे माझं रोजचं काम. इथे मत काकांच्या अगदी उलट. एखाद्या देशात निदर्शकांवर गोळ्या झाडल्याची बातमी आली की जेवणाच्या टेबलावरचं पहिलं वाक्य असतं, निर्बंध घाला. त्यातला कळवळा खरा असतो, हे मी जवळून बघितलंय. पण निर्बंध घातल्यावर कुणाच्या घरात काय होतं, हे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. माझ्यापर्यंत ते पोहोचलं, तेही मॉडेल कॉलनीतल्या आमच्या घरात.

बाबा गेल्यावर आईने मागची खोली इराणी विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. पुण्याला इराणी माणूस नवा नाही. इराण्याकडच्या बनमस्क्यावर आमच्या तीन पिढ्या वाढल्या, आणि इथे शिकायला येणारी इराणी मुलं फर्ग्युसनपासून वाडियापर्यंत सगळीकडे दिसायची. २०१२ च्या दिवाळीत मी घरी आले, तेव्हा खोलीत फार्मसी शिकणारा एक मुलगा होता. त्या वर्षी मार्चमध्ये इराणच्या बँका 'स्विफ्ट'मधून बाहेर काढल्या गेल्या होत्या. बँका एकमेकींना पैशांचे निरोप पाठवतात ती ही यंत्रणा. त्यामुळे तेहरानहून पुण्याच्या खात्यात पैसे येण्याची सरळ वाटच बुजली. त्याचे वडील शाळामास्तर. ते पैसे दुबईतल्या ओळखीच्या माणसाकडे पोहोचवायचे, तिथून मुंबईला, मुंबईहून कुणीतरी हातात आणून द्यायचं, आणि मधला प्रत्येक हात आपला वाटा काढून घ्यायचा. त्यातच ऑक्टोबरच्या सुरुवातीला रियाल कोसळला.

नरकचतुर्दशीच्या सकाळी आईने त्याला फराळाला बोलावलं. फाटकाजवळ त्याची मोटरसायकल उभी असायची, ती जागा रिकामी होती. त्याने चकली उचलली, हातात धरली आणि मान खाली घालून विचारलं, दोन महिन्यांचं भाडं नंतर दिलं तर चालेल का? चकली तशीच हातात. आई म्हणाली, "आधी खा." भाड्याचा विषय तिने त्या दिवशी संपवला, तो पुन्हा काढला नाही.

हा मुलगा त्याच्या सरकारचा भक्त नव्हता. २००९ च्या निवडणुकीनंतर तेहरानमध्ये जी माणसं रस्त्यावर उतरली, त्यांत तो आणि त्याची मोठी बहीण होती. दोघांनीही लाठ्या खाल्ल्या होत्या. ते निर्बंध अणुकार्यक्रमापायी होते, मानवी हक्कांपायी नव्हेत, हे खरं. पण सोसलं कुणी, याचं उत्तर तेच राहतं. सत्तेजवळच्या लोकांनी चोरट्या व्यापारात हात धुवून घेतले, असं तो सांगायचा, आणि सांगताना त्याचा आवाज चढायचा.

एवढं बघूनही मी सरसकट निर्बंधांच्या विरोधात नाही. त्याचं कारण माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर उभं आहे.

ब्रेझनोज स्ट्रीटच्या चौकात अब्राहम लिंकनचा पुतळा आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मँचेस्टरमध्ये कशाला, हे मला पहिली दोन वर्षं ठाऊक नव्हतं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि गुलामांनी वेचलेला कापूस मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्यांना यायचा थांबला. गिरण्या बंद पडल्या, लाखोंच्या चुली विझल्या. तरीही ३१ डिसेंबर १८६२ ला इथल्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि त्यांनी लिंकनला कळवलं, की गुलामगिरी संपवा, आम्ही तुमच्या बाजूने आहोत. जानेवारी १८६३ मध्ये लिंकनने त्यांना जे उत्तर पाठवलं, त्यातला मजकूर चौथऱ्यावर कोरलाय. सगळं लँकेशायर एका सुरात बोलत होतं असं मात्र नाही. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचा ओढा दक्षिणेकडे होता, आणि मार्च १८६३ मध्ये स्टेलिब्रिजला मदतवाटपावरून दंगल झाली. उपाशी माणसाकडून आपण किती मागायचं, हाही प्रश्न आहेच. पण त्या सभेतल्या माणसांना काय मागितलं जातंय ते ठाऊक होतं. १८५९ मध्येच सेरा पार्कर रेमंड ही कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री मँचेस्टरला येऊन बोलली होती. तुमच्या रस्त्यांवरून कापसाच्या गाड्यांमागून गाड्या जाताना बघते तेव्हा आठवतं, की यातला एक पैसाही तो पिकवणाऱ्याच्या हातात पडत नाही, असं तिने सांगितलं होतं.

या गोष्टीचं दुसरं टोक आपल्या जिल्ह्यात आहे. ते मी शाळेत शिकले होते, फक्त दोन्ही टोकं कुणी बांधून दाखवली नव्हती. अमेरिकेचा कापूस थांबल्यावर लँकेशायरने हिंदुस्थानकडे हात पसरला. भाव भडकले, मुंबईत शेअरबाजाराला ऊत आला, इकडे सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव आपटले, पुढे सारा मात्र वाढला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. त्यांची कारणं बरीच होती, कापसाची तेजीमंदी हे त्यातलं एक. मँचेस्टरच्या कामगाराने निदान हात वर करून हो म्हटलं होतं. सुप्याच्या शेतकऱ्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. (बंदी म्हणजे काय, हे जुन्नर-चाकणच्या कांदेवाल्याला सांगावं लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद झाली आणि ती मे २०२४ मध्ये सुटेपर्यंत त्याच्या चाळीत काय चाललं होतं, हे त्याचं त्याला माहीत.)

म्हणून कुठल्याही बहिष्काराबद्दल मी आधी एकच गोष्ट बघते. हाक कुणी दिलीय? ज्याच्या पाठीवर आसूड पडतोय त्याने, त्याच देशात राहून, आपल्यालाही झळ बसणार हे जाणून ती दिली असेल, तर ती ऐकायलाच हवी, मग आपलं कितीही नुकसान होवो. दुसऱ्याच कुणी, दुसऱ्याच हिशोबाने दिली असेल, तर थांबून विचार करायला हवा.

वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेत ही हाक आतून आली होती. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली तिथेच होते, सरकारने त्यांच्यावर बंधनं घातलेली होती, आणि तरी १९५९ मध्ये त्यांनी जगाला आमच्या देशाच्या मालावर बहिष्कार घाला म्हणून सांगितलं. याचा त्रास आफ्रिकी माणसालाच होईल हे त्यांनी लपवलं नाही. रक्तपाताचे दिवस त्याने कमी होणार असतील तर ती किंमत आम्ही मोजू, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि भारताने तर त्याही आधी, १९४६ मध्येच, स्वातंत्र्य अजून पदरात पडलेलं नसताना, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. असं करणारा भारत पहिला देश. काकांच्या जुन्या पासपोर्टवर 'दक्षिण आफ्रिका वगळून' असं लिहिलेलं मी लहानपणी वाचलंय. हक्कांची भाषा गोऱ्यांची आहे म्हणणाऱ्या काकांच्याच कपाटात तो पासपोर्ट आहे. त्या वेळी गोऱ्यांची मोठी सरकारं टाळाटाळ करत होती. अमेरिकेच्या काँग्रेसने १९८६ मध्ये निर्बंधांचा कायदा केला, तोही राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून. ब्रिटनमध्ये थॅचरबाईंचा विरोध शेवटपर्यंत राहिला. सामान्य माणसं मात्र पुढे होती. डब्लिनमध्ये जुलै १९८४ मध्ये मेरी मॅनिंग या सुपरमार्केटमधल्या गल्ल्यावरच्या मुलीने दक्षिण आफ्रिकेची ग्रेपफ्रूट विकायला नकार दिला. तिला कामावरून बाजूला केलं, तेव्हा तिच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ तीन वर्षं संप चालवला, आणि १९८७ मध्ये आयर्लंडने तिथली फळं-भाजी आणणंच बंद केलं. फेब्रुवारी १९९० मध्ये तुरुंगातून बाहेर आल्यावर मंडेलांनी जगाला सांगितलं, निर्बंध एवढ्यात उठवू नका.

आता इराक घ्या. सद्दाम हुसेनने कुवेत बळकावल्यावर ऑगस्ट १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जवळजवळ सगळा व्यापार बंद केला. बगदादच्या कुठल्या आईला कुणी विचारलं होतं? धान्य रेशनवर, आणि रेशनकार्ड सद्दामच्या हातात. ज्याची पकड सैल करायची, त्याच्याच हातात प्रत्येक घराची भाकरी गेली. तिथली मदत बघणारे संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला, त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पॉनेक यांनी २००० मध्ये. किती मुलं दगावली याच्या आकड्यांवर पुढे वाद झाले, त्यातला सर्वांत गाजलेला आकडा टिकला नाही. पण तेरा वर्षांनी सद्दाम गेला तो युद्धाने गेला. निर्बंधांनी तो हललाही नव्हता.

इराकची गोष्ट मला आणखी एका कारणाने बोचते. तिथेही हाक देणारे होते. लंडन-वॉशिंग्टनमध्ये बसलेले निर्वासित इराकी पुढारी कठोर उपायांची मागणी करत होते, शेवटी युद्धाचीही. बाहेरच्याला आवाज मोठा मिळतो, आणि झळ लागत नाही. मीही बाहेरच आहे. पुण्यातल्या कशावरही मँचेस्टरहून ठणकावून बोलताना मला हे आठवायला हवं, आणि माझ्यासारख्या प्रत्येकाला आठवायला हवं.

माझी ही कसोटी एका ठिकाणी तोकडी पडते, आणि तिच्याशी मी रोज झगडते. जगातल्या कापसापैकी साधारण पाचवा हिस्सा चीनच्या शिनजियांग प्रांतात पिकतो. तिथे उइगुर मुसलमानांना छावण्यांत डांबल्याचे, त्यांच्याकडून सक्तीने काम करून घेतल्याचे पुरावे वर्षानुवर्षं समोर येत आहेत. त्यांना जाऊन विचारायचं कसं? कारखान्यांची तपासणी करणाऱ्या मोठ्या संस्थांनी २०२० मध्ये तिथलं काम थांबवलं, कारण मनमोकळं बोलायला कुणी धजावणारच नव्हतं. जिथे जीभच बांधलेली, तिथून हाक येणार कशी? जे निसटून आले, ज्यांची आईवडील-भावंडं आत आहेत, त्यांचंच ऐकावं लागतं. त्यांनी बंदी मागितली. अमेरिकेने डिसेंबर २०२१ मध्ये कायदा केला, जून २०२२ पासून तो लागू आहे. शिनजियांगचा धागा असलेला माल सक्तीच्या मजुरीचाच धरायचा, तसा नाही हे आणणाऱ्याने सिद्ध करायचं. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही.

मला तो कायदा योग्य वाटतो. इराकमध्ये सगळ्या देशाचं ताट ओढलं होतं. इथे फक्त जुलमातून निघालेली वस्तू नाकारली जाते. पण तो पाळणं किती अवघड आहे तेही सांगते. सूतगिरणीत वेगवेगळ्या गाठी फोडून कापूस एकत्र पिंजतात, नाहीतर सूत एकसारखं निघत नाही. एकदा मिक्सिंग झालं की कुठला तंतू कुठला, हे डोळ्यांना कळत नाही. ते सूत व्हिएतनामला जातं, कापड बांगलादेशला, आणि माझ्या टेबलावर शर्ट येतो तेव्हा कागदावर गोंडस नावं असतात. तंतूतल्या मूलद्रव्यांवरून तो कुठल्या मातीपाण्यात वाढला हे सांगणाऱ्या चाचण्या आहेत. एकदा एका मालाचे कागद वऱ्हाडचे होते आणि चाचणी ते मानायला तयार नव्हती. मी तो थांबवला. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तो शिवणाऱ्या कारखान्यातल्या बायकांचा यात काहीच दोष नव्हता. तरीही पुन्हा तशी वेळ आली तर मी थांबवीन.

काकांचे मुद्दे हवेत सोडण्यासारखे नाहीत. अमेरिकेने आपल्याला हवा तसा क्रे महासंगणक दिला नाही, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' हा आपला महासंगणक तयार झाला. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर निर्बंध आले, २००१ मध्ये बहुतेक उठले. याचा आम्हा पुणेकरांना अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण ती एका सरकारची दुसऱ्या सरकारशी चाललेली ताकदीची झुंज होती. त्यात कुठल्या पिचलेल्या माणसाचा आवाज नव्हता. तेव्हा निर्बंध फसले यावरून ते नेहमीच फसतात, असं ठरत नाही.

दुटप्पीपणा तर मी इथे राहून रोज बघते. मँचेस्टरच्या वायव्येला, लँकेशायरमध्येच, वॉर्टनला टायफून लढाऊ विमानांची जुळणी होते, आणि ती सौदी अरेबियाला विकली गेली. येमेनमध्ये सौदीचे बॉम्ब पडत होते. जून २०१९ मध्ये इथल्या अपील न्यायालयाने सौदीला शस्त्रं विकण्याचे परवाने देण्याची पद्धत बेकायदा ठरवली. जुलै २०२० मध्ये सरकारने परवाने पुन्हा सुरू केले. जेवणाच्या टेबलावर मी हे काढलं की शांतता पसरते. हजारो घरं त्या कारखान्यावर चालतात, हे मलाही माहीत आहे. पण हुकूमशहाशी व्यवहार तोडायचाच असेल तर आधी त्याला विमान विकणं थांबवायला हवं, पाळत ठेवायची यंत्रं विकणं थांबवायला हवं, लंडनमधले त्यांचे बंगले आणि खाती गोठवायला हवीत. औषध, गहू आणि विद्यार्थ्याची फी यांना हात लावायची पाळी शेवटी, आणि शक्यतो येऊच नये. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो, आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

पण त्यांचा दुटप्पीपणा दाखवून आपली सुटका होत नाही. युक्रेन युद्धाआधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी होता, दोन वर्षांत तो एक तृतीयांशाच्या वर गेला. युरोप रशियाचा गॅस घेतच राहिला, अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये त्या तेलापायी आपल्या मालावर आणखी २५ टक्के कर लादला. काका चिडले, मीही चिडले. तरी ज्यांच्या घरांवर क्षेपणास्त्रं पडत होती त्या युक्रेनच्या माणसांनी हाक दिली होती, आणि आपण ती ऐकली नाही, हे मला काकांना सांगावंच लागेल. गरीब देशाने स्वस्त तेल घेतलं, हा हिशोब मला समजतो. त्याला नीती म्हणणं मला पटत नाही.

आणि तुर्कस्तान? इस्तंबूलचे विरोधी पक्षाचे महापौर एक्रेम इमामोलू यांना १९ मार्च २०२५ ला अटक झाली. लोक रस्त्यावर उतरले. सरकारच्या मर्जीतल्या कंपन्यांचा माल घेऊ नका, असं विरोधी पक्षाने सांगितलं, आणि २ एप्रिलला एक दिवस काहीच खरेदी करायची नाही अशी हाक तिथल्या लोकांनी दिली. हाक देणाऱ्यांमागे चौकश्या लागल्या, काहींना पकडलं. बहिष्कार शब्द रक्तात असलेल्या आमच्या गावात, जिथे १९०५ मध्ये विदेशी कापडाची होळी झाली, ज्या जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूने १९३० मध्ये विदेशी कापडाच्या ट्रकखाली जीव दिला, तिथे त्या एप्रिलच्या हाकेचा एक शब्द टपरीवर आला नाही. माझ्याही तोंडून आला नाही. मे महिन्यात आम्ही सफरचंदं नाकारली ती आमच्या सैनिकांसाठी, आणि ते योग्यच होतं. पण तिथल्या लोकांसाठी आम्ही काही केलं, असं मी कुणाला सांगणार नाही.

काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "स्वदेशीपायी तिथलेही लोक बेकार झाले असतील की गं." मी म्हटलं, झाले होते. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला आले, डार्वेनला, बेकार झालेल्या गिरणीकामगारांना भेटायला. आपल्या बहिष्काराची झळ ज्यांना बसली, त्यांच्यासमोर ते उभे राहिले, त्यांचं ऐकलं आणि आपल्याकडच्या उपासमारीबद्दल त्यांना सांगितलं. गिरणीतल्या बायकांच्या गराड्यात उभ्या असलेल्या गांधीजींचा तो फोटो काकांनी पाहिलेला होता. तो कुठला, ते त्यांना माहीत नव्हतं.

येत्या उन्हाळ्यात ते इकडे येणार आहेत. व्हिक्टोरिया स्टेशनातून गाडी पकडली की पाऊण तासात डार्वेन. गिरण्या केव्हाच थंडावल्या, पण एक तीनशे फुटी विटांची चिमणी अजून उभी आहे, लांबून दिसते. कुठल्या गिरणीची, असं काकांनी विचारलं. मी नाव सांगितलं, इंडिया मिल.